इंग्रजीची किल्ली माजघरातच आहे!

इंग्रजीचे व्याकरण म्हटले, की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. मुलांच्या शाळेत बाईंना भेटायचे झाले, तर आई हळूच वडिलांना पुढे करते आणि वडील म्हणतात, "तूच बोल, मला ऑफिसला उशीर होतोय!" महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या मुलांनाही इंग्रजी आहे. त्यामुळे सात वर्षांची चिमुरडी नात आजीच्या चुका काढते आणि आजी बापडी गप्प बसते. हे गप्प बसणे मला फार खुपते.

आमच्या आळीतल्या पाच-सात जणी दुपारची झाकपाक झाली, की माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, "बायांनो, व्याकरण तुम्हांला येतेच, फक्त ते मराठीचे आहे. इंग्रजी तीच कामे निराळ्या रीतीने करते, इतकेच."

आता हेच पाहा ना. 'कुत्रा मुलाला चावला' म्हणा, नाहीतर 'मुलाला कुत्रा चावला' म्हणा; चावणारा कुत्राच! कारण मुलाच्या पाठीशी 'ला' उभा आहे. इंग्रजीतही एके काळी नामांना असे प्रत्यय होते. शतकानुशतकांच्या वापरात ते बहुतेक झिजून गेले. मग कोण कुणाला चावले, हे कळावे कसे? तर जागेवरून. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. 'द डॉग बिट द बॉय' यातल्या दोन नामांची अदलाबदल करा, की मुलगाच कुत्र्याला चावलाच म्हणून समजा! मराठीत शब्दाची ओळख प्रत्ययावरून पटते, इंग्रजीत त्याच्या पाटावरून.

दुसरा छळ 'एस'चा. 'आय गो, यू गो, दे गो', पण 'ही गोज'. हा एकट्याचा थाट कशाला, असे पुष्कळजणी विचारतात. मी म्हणते, आपल्याकडे मी जातो, मी जाते, तू जातोस, ती जाते, ते जातात, असा केवढा संसार! तीन वर्षांचे पोर तो न चुकता सांभाळते. इंग्रजीत त्या गोतावळ्यातला हा एकच 'एस' मागे राहिला आहे. त्याला काय भ्यायचे? मात्र घराची किल्ली एकाच्याच हाती असते. प्रश्नात 'डज' आला, की किल्ली त्याच्याकडे गेली. म्हणून 'डज ही गो?' म्हणायचे, 'डज ही गोज?' नव्हे. भूतकाळात तोच मान 'डिड'चा. 'डिड यू गो?' म्हटल्यावर 'वेंट'ची गरज उरत नाही.

तिसरे प्रकरण 'अ', 'अॅन' आणि 'द' यांचे. आजीची गोष्ट आठवा. 'एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'तो'. अनोळखी राजा 'अ किंग', ओळखीचा झाला की 'द किंग'. याचे बारकावे पुष्कळ आहेत. पण सुरुवातीला हे सूत्र चांगले साथ देते. आणि 'अॅन' कुठे वापरावा, हे ठरवायला तर आपली देवनागरी मदतीला येते! इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. 'अवर', म्हणजे तास, स्वराने सुरू झाला, म्हणून 'अॅन अवर'. 'युनिव्हर्सिटी' 'य' या व्यंजनाने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. इंग्रजी स्पेलिंग तिथे चकवते, आपली लिपी चकवत नाही.

मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकावे, ही कल्पना काही माझी नव्हे. तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या याच वाटेने इंग्रजी शिकल्या. त्याआधी १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवूनच. दोन भाषांची ही देवघेव जुनीच आहे.

मात्र एका ठिकाणी मराठीचा हात सोडावा लागतो, आणि तिथे गाफील राहून चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई लेकाकडे परदेशी गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "यू आर नॉट टेकिंग द टॅब्लेट्स?" बाईंनी गोळ्या बंद केल्या होत्या. 'हो, घेत नाही' अशा अर्थाने त्या म्हणाल्या, "येस." डॉक्टरांनी समजून घेतले, की गोळ्या चालू आहेत! सूनबाई शेजारी होत्या म्हणून बरे. आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतला 'येस' किंवा 'नो' वस्तुस्थितीला असतो. गोळ्या घेत नसाल, तर प्रश्न कसाही असो, उत्तर एकच: 'नो, आय अॅम नॉट.'

म्हणून म्हणते, मुलांनी चुका काढल्या तर खुशाल काढू द्या. फराळाचे ताट पुढे करीत त्यांना उलट विचारा, "बाळ, 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतला फरक एका इंग्रजी शब्दात सांग पाहू!" पोरे डोके खाजवतील. मग त्यांना जवळ घेऊन तुमची भाषा तुम्ही शिकवा आणि त्यांची त्यांच्याकडून शिकून घ्या. चकली तोंडात असताना व्याकरण सहसा कडू लागत नाही!