‘मूळव्याध असेल’ म्हणण्याआधी...

सकाळची घाई. बाहेरून कुणीतरी दार ठोठावतंय आणि तुम्हाला कमोडमध्ये रक्त दिसतं. काय कराल? खरं सांगा हं! आईला सांगणार नाही. मित्रांना तर नाहीच, ते आयुष्यभर चिडवतील. ‘मूळव्याध असेल, काल मिसळ जरा जास्तच झणझणीत होती’ अशी स्वतःची समजूत घालाल आणि फ्लश कराल. विषय संपला.

बहुतेक वेळा तो खरंच तिथे संपतो. तरुण वयात असं रक्त दिसलं तर कारण बहुधा मूळव्याध किंवा फिशर हेच असतं. पण दर वेळी नाही. ‘ब्लॅक पँथर’ आठवतोय ना? त्यातल्या चॅडविक बोसमनला २०१६मध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर असल्याचं कळलं, तेव्हा तो जेमतेम चाळिशीचा होता. २०२०मध्ये, ४३व्या वर्षी तो गेला. त्याला कॅन्सर होता हे चाहत्यांना कळलं तेसुद्धा तो गेल्याच्या बातमीतूनच.

हा म्हाताऱ्यांचा आजार, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं मानत आले. आकडे मात्र वेगळं सांगतात. अमेरिकेत २०१७मध्ये झालेल्या अभ्यासात १९५० आणि १९९०च्या आसपास जन्मलेल्यांची तुलना केली होती. तेवढ्याच वयात नव्या पिढीला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट दिसला. म्हणून तिथे नियमित तपासणीचं वय २०२१मध्ये ५० वरून ४५ केलं गेलं. भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, हे खरं. पण ‘माझं वय काय आणि मला काय होणार’ हा युक्तिवाद आता चालणार नाही.

असं का होतंय? लठ्ठपणा, बैठं आयुष्य, दारू, प्रक्रिया केलेलं मांस ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. त्यात आता एका जिवाणूची भर पडली आहे. आपल्या आतड्यात ई. कोलाय राहतात. त्यातले काही प्रकार ‘कोलिबॅक्टिन’ नावाचं विष तयार करतात आणि ते डीएनएवर स्वतःची खूण सोडतं. ११ देशांमधल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्यांमध्ये ही खूण ३.३ पट जास्त आढळली. हे नुकसान अगदी लहानपणीच होत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. कॅन्सर त्यामुळेच होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण शोधाला दिशा मिळाली आहे.

आता एक जुनी गोष्ट. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, ‘माझ्या घरातले बरेच जण पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेले. मीही तशीच जाणार.’ ती खरंच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. पण वॉर्थिननी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी तिच्या घराण्याची नोंद ठेवली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी तो धागा पकडला आणि १९९०च्या दशकात त्यामागची जनुकं सापडली. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि त्यातल्या चुका सुधारायला शरीराकडे जणू एक प्रूफरीडर असतो. या घराण्यात तोच पिढ्यान्‌पिढ्या बिघडलेला होता. आज याला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात.

गंमत अशी, की हाच बिघाड उपचाराच्या कामी आला. अशा गाठींमध्ये इतक्या चुका साचतात, की त्या शरीराच्या संरक्षक पेशींच्या नजरेत भरतात. त्या पेशींना लागलेला ब्रेक तेवढा काढावा लागतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये गुदाशयाच्या अशाच गाठी असलेल्या १२ रुग्णांना ‘डोस्टार्लिमॅब’ हे औषध दिलं गेलं. सहा महिन्यांच्या उपचारांनंतर बाराही जणांच्या गाठी नाहीशा झाल्या. ना ऑपरेशन, ना केमो, ना रेडिएशन! हे निष्कर्ष २०२२मध्ये जाहीर झाले. मात्र गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी फक्त पाच-दहा टक्के असतात. बाकीच्यांसाठी लवकर निदान हाच मोठा आधार.

आणि इथे एक दिलासा आहे. हा कॅन्सर सहसा घाई करत नाही. बहुतेक वेळा आधी आतड्यात पॉलिप, म्हणजे छोटा कोंब येतो. त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, तो दिसला की तिथल्या तिथे काढता येतो.

तेव्हा रक्त पुन्हा दिसलं, शौचाच्या सवयी काही आठवडे बदललेल्या राहिल्या, वजन उगाच उतरलं किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन घसरलं, तर डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून मलम आणून गप्प बसू नका. आणि आज रात्री जेवणं झाल्यावर आजीला विचारा, आपल्याकडे कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. लिंच सिंड्रोम असलेल्यांची तपासणी विशी-पंचविशीतच सुरू करतात. मिशिगनच्या त्या बाईला कुणी वाचवू शकलं नाही. पण ती बोलली, म्हणून आज हे कळतंय.