मान टाकलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या

घरच्या अंड्यांना चार पैसे सुटतील, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघेल, अशा हिशेबाने घरची बाई पंचवीस पिल्ले घेते. पहिला दिवस कौतुकात जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे डालगे उघडावे, तो चार-पाच पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते रोग आला. मग औषधासाठी धावाधाव होते. पुष्कळदा पिल्लाला रोग झालेलाच नसतो, ते गारठलेले असते.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. स्वतःचे अंग ऊबदार ठेवण्याची ताकद त्याला पहिले काही आठवडे नसते. पोटात मात्र अंड्यातल्या बलकाची शिदोरी असते, त्यावर ते दोन दिवस तग धरते. म्हणून पिल्लू भुकेपेक्षा थंडीने लवकर मरते. नवख्या माणसाने एवढा क्रम पाठ करावा: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा.

मलूल पिल्लाचे काय करावे?

पिल्लू हातात घ्या. पाय गार लागले तर दाणा-पाणी बाजूला ठेवा. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. एका खोक्याला हवेसाठी भोके पाडा, तळाशी गोणपाट अंथरा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. ऊब जास्त झाली तर पिल्लाला सरकायला दुसरी बाजू मोकळी हवी. अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक पिल्ले डोळे उघडतात.

आता पाणी. एक लिटर कोमट पाण्यात लिंबाएवढा गुळाचा खडा विरघळवा. पिल्लाच्या चोचीचे टोक त्यात हलकेच बुडवा, ते आपोआप गिळेल. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते. गुळाचे पाणी पहिल्या दिवसापुरतेच द्या. ते लवकर आंबते, म्हणून थोडे थोडे करा. तरतरी आली की मक्याचा बारीक भरडा किंवा पिल्लांचे तयार खाद्य कागदावर पसरून बोटाने टकटक करा. कोंबडी चोच मारते तसा तो आवाज वाटतो आणि पिल्लू टिपू लागते.

शेपटाखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून हळूच काढा. ओढू नका, कातडी निघते. नंतर पिल्लू कोरडे करून उबेला ठेवा.

पाय फाकलेले दिसले तर खाली गुळगुळीत वर्तमानपत्र आहे का पाहा. त्यावर पाय घसरतात. गोणपाट घाला.

पिल्लेच सांगतात

पुठ्ठ्याचे दीड फूट उंच गोल कुंपण करा. कोपरे नसले की पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरत नाहीत. खाली दोन इंच कोरडे भाताचे तूस आणि पहिले काही दिवस वर गोणपाट. पंचवीस पिल्लांना साठ ते शंभर वॅटचा, तारेचा जुन्या पद्धतीचा बल्ब पुरतो. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही; इथेच पुष्कळजण फसतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करा.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्ले बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच वासत असतील तर उकडते आहे, वर घ्या. एकाच बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा येतो. सगळीकडे पांगून खात-पीत असली की समजा, बेत जमला.

वीज गेली तर शेगडी वापरता येते, पण बंद खोलीत कोळशाचा धूर पिल्लांचा आणि माणसांचाही जीव घेतो. खिडकी उघडी ठेवा. घरात खुडूक कोंबडी असली तर रात्री अंधारात दहा-बारा पिल्ले तिच्या पंखाखाली सरकवून पाहा. सकाळी मात्र तिने त्यांना आपले मानले की नाही, हे बघा.

पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्ले भिजतात, बुडतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ऊब देऊनही मरगळ जात नसेल, पांढरी हगवण लागली असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांनंतर विष्ठेत रक्त दिसू लागले, तर घरगुती उपाय थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची पहिली लस पहिल्या आठवड्यातच द्यायची असते, ती चुकवू नका. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर लपवू नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूने पोल्ट्रीवाल्यांचे केवढे नुकसान केले, ते आठवा. मेलेले पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा आणि हात साबणाने धुवा.

एवढे करूनही एखादे पिल्लू जाते. जन्मतःच अशक्त असलेले कोणाच्या हाताने वाचत नाही, त्याचा दोष स्वतःला लावू नका. पण पहिले आठ दिवस रात्री एकदा उठून बल्बखाली नजर टाका. त्या एका फेरीने जी पिल्ले वाचतील, तीच पाच-सहा महिन्यांनी तुमच्या घरात अंडी देतील.