म्हाताऱ्या बैलासाठी घर शोधताना

आमच्या राजानं घाटंजीकडच्या काळ्या रानात उभं आयुष्य वखर-डवरा ओढला. आता दात झिजलेत. कडब्याचा घास चावत राहतो आणि ओला बोळा तसाच गव्हाणीत टाकतो. महाराष्ट्रात २०१५पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण कायदा जीव वाचवतो, चारा घालत नाही. वावर बटईनं दिल्यावर मी त्याच्यासाठी गोशाळा बघू लागलो.

फलक, देणगीदारांची नावं नंतर वाचा. आधी गव्हाण बघा. म्हाताऱ्या बैलाला बारीक कुट्टी आणि भिजवलेली सरकी ढेप लागते. दांडग्या जनावरांत बांधला, तर तो उपाशीच राहतो. मग जमीन बघा. ओल्या सिमेंटवर घसरून पडलेला म्हातारा बैल सहसा उठत नाही, एका कुशीवर पडून त्याला जखमा होतात; कोरडा मुरूम बरा. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून झाडाची सावली आणि भरलेला हौद भर दुपारी जाऊनच तपासा. लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, विचारा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर घालून ताबा लेखी द्या.

जोडीतला सर्जा अजून धडधाकट आहे, तरी दोघांना सोबतच नेणार. एकटा राजा वैरणीला तोंड लावत नाही. सोयाबीनचं कुटार दर हंगामात मीच पोचवीन.