उस्तादानंतरची जागा

एखादा माणूस एकाच खुर्चीत पाव शतक बसला, की ती खुर्ची त्याच्या अंगाच्या मापाची होऊन जाते. तो उठून गेला तरी तिचा आकार जात नाही. मागाहून येणाऱ्याला त्या आकारात स्वतःला बसवावं लागतं. शाळा असो, नाटक कंपनी असो, नाही तर गावचं वाचनालय, हा अनुभव सगळीकडचाच. पण तो साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत, दर आठवड्याला गुण मोजून पाहायचा असेल, तर फुटबॉलसारखी जागा नाही. म्हणून कवितेचा माणूस असूनही आज मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबमधल्या एका निवृत्तीबद्दल बोलणार आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याला क्रिकेटची सवय. तिथं संघ निवड समिती निवडते, मैदानावर कप्तान निर्णय घेतो आणि प्रशिक्षक बाहेरून सल्ला देतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये जुन्या रिवाजाप्रमाणे ही सगळी कामं एकाच माणसाकडे असत. त्याला मॅनेजर म्हणतात. कोण खेळणार, कोणाला विकत घ्यायचं, कोणाला काढायचं, सराव कसा घ्यायचा, अकादमीतल्या कोणत्या पोराला वर आणायचं, हे तोच ठरवी. घरातल्या कर्त्या माणसासारखं समजा ना. असा माणूस निवृत्त होतो तेव्हा एक नोकर जात नाही, अख्खा कारभार उठून जातो.

सर अॅलेक्स फर्ग्युसन हे असे कर्ते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोव्हन भागात, जहाजबांधणी कामगाराच्या घरात जन्मलेले. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी ते मँचेस्टरला आले आणि साडेसव्वीस वर्षं राहिले. या काळात ३८ करंडक आले. त्यात १३ प्रीमियर लीग विजेतेपदं आणि १९९९ व २००८ ही दोन वर्षांची युरोपियन चॅम्पियन्स लीग. आता हे ऐकताना वाटतं की यश पहिल्या दिवसापासून हात जोडून उभं असेल. तसं नव्हतं. पहिला करंडक, एफए कप, १९९० मध्ये मिळाला. पहिलं लीग विजेतेपद आलं ते १९९३ मध्ये. मधल्या काळात प्रेक्षकांनी त्यांना घालवण्याची मागणीही केली. क्लबने धीर धरला. हा धीर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्तीचा एक प्रयत्न त्यांनी आधीही केला होता. २००१-०२ चा मोसम आपला शेवटचा, असं त्यांनी आगाऊ जाहीर करून टाकलं. परिणाम असा झाला की संघ ढिला पडला. जाणाऱ्या माणसाचा धाक किती दिवस राहणार? शेवटी पत्नी आणि मुलांनी समजूत घातली आणि २००२ च्या फेब्रुवारीत त्यांनी निर्णय फिरवला. या अनुभवामुळे असेल, दुसऱ्या वेळी सगळं गुपचूप झालं. २०१२ मध्ये पत्नीची बहीण वारली. आता पत्नीला आपण वेळ दिला पाहिजे, असं वाटून त्यांनी थांबायचं ठरवलं, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. ८ मे २०१३ रोजी घोषणा झाली. वय ७१, लीग नुकतीच ११ गुणांच्या फरकाने जिंकलेली. जाण्यासाठी याहून चांगली वेळ कोणती?

आणि लगेच दुसऱ्या दिवशी, ९ मे रोजी, वारस जाहीर झाला: एव्हर्टनचे डेव्हिड मोयेस. तेही ग्लासगोचे. फर्ग्युसन यांनी नाव सुचवलं आणि संचालकांनी एकमताने मान्य केलं. मोयेस यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं, की फर्ग्युसननी घरी बोलावलं आणि पुढचा मॅनेजर तूच, असं थेट सांगून टाकलं. हो की नाही म्हणायलासुद्धा जागा नव्हती. सहा वर्षांचा करार झाला. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या निरोपाच्या भाषणात फर्ग्युसननी प्रेक्षकांना बजावलं, की आता या नव्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं तुमचं काम. स्टँडमध्ये मोयेस यांच्या चित्राचं फलकही लागलं. ‘निवडलेला पुरुष’ अशा अर्थाचं.

पुढे काय झालं? आधीच्या मोसमात ८९ गुण मिळवणारा संघ या मोसमात ६४ गुणांवर थांबला आणि पहिल्यावरून सातव्या क्रमांकावर गेला. २०१४ च्या मार्चमध्ये ‘चुकीचा माणूस’ अशा अर्थाचं फलक ओढत एक विमान मैदानावरून गेलं. २२ एप्रिल २०१४ रोजी मोयेस यांना काढलं. करार सहा वर्षांचा, कारभार दहा महिन्यांचा.

सगळा दोष मोयेस यांच्या माथी मारणं सोपं आहे. एव्हर्टनमध्ये अकरा वर्षांत त्यांनी एकही करंडक जिंकला नव्हता, हे खरंच. मँचेस्टरला येताना त्यांनी स्वतःचे सहायक आणले आणि फर्ग्युसन यांच्या हाताखालचे अनुभवी प्रशिक्षक गेले. ही त्यांची निवड होती. पण बाकीचा हिशेबही मांडू या. खेळाडूंची खरेदी-विक्री सांभाळणारे मुख्य अधिकारी डेव्हिड गिल हेही त्याच उन्हाळ्यात पायउतार झाले. म्हणजे घरातला कर्ता आणि दिवाणजी एकदमच बाहेर पडले. संघही वयात आलेला नव्हे, वय झालेला होता. गिग्ज ३९ वर्षांचा, फर्डिनंड ३४ चा, स्कोल्स निवृत्त. अशा संघाकडून लीग जिंकून घेणं ही फर्ग्युसन यांची करामत. पण करामत वारशात देता येत नाही. वारशात संघ मिळतो.

आमच्या मुशायऱ्यात एक रिवाज आहे. आधी नवखे वाचतात, मग जाणते, आणि सगळ्यात शेवटी सद्र, म्हणजे अध्यक्षस्थानी बसलेला बुजुर्ग शायर. त्याच्यानंतर कोणी वाचत नाही, मैफल उठते. मराठी कविसंमेलनातही अध्यक्षांची कविता शेवटी असते. यात बुजुर्गांचा मान आहेच, पण लहानांवरची दयाही आहे. उस्तादानंतर उभं राहायची पाळी कोणावर येऊ नये. फुटबॉलमध्ये मैफल उठत नाही. पुढच्या शनिवारी सामना असतोच.

हे या क्लबला नवीनही नव्हतं. मॅट बझबी १९४५ पासून मॅनेजर होते. १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात २३ जण गेले, त्यात आठ खेळाडू. त्या राखेतून बझबींनी संघ पुन्हा उभा केला आणि १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकला. १९६९ मध्ये ते बाजूला झाले. जागा मिळाली क्लबमध्येच वाढलेल्या विल्फ मॅकगिनेसना, वय अवघं ३१. त्यांचा आणि बॉबी चार्ल्टनचा जन्म एकाच महिन्यातला, १९३७ चा ऑक्टोबर. काल ज्याच्या बरोबरीने खेळलो, त्याला आज संघाबाहेर बसवायचं. शिवाय बझबी जनरल मॅनेजर म्हणून क्लबमध्येच होते. तक्रार असली की खेळाडूंना जुनं दार उघडं! १९७० च्या डिसेंबरात मॅकगिनेस गेले आणि काही महिने बझबींनाच परतावं लागलं. त्यानंतरचे फ्रँक ओ’फॅरेलही दीड वर्षात गेले. १९७४ मध्ये संघ चक्क दुसऱ्या श्रेणीत उतरला. बझबींनी शेवटची लीग जिंकली होती १९६७ मध्ये. पुढची यायला २६ वर्षं लागली. २०१३ नंतर फर्ग्युसनही संचालक म्हणून स्टँडमध्ये दिसत. संघ हरू लागला की कॅमेरा प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे वळे.

मग हे कोणाला जमलं का? जमलं, आणि तेही पन्नासएक किलोमीटरवरच्या लिव्हरपूलला. १९७४ च्या जुलैत तिथले लाडके मॅनेजर बिल शँकली अचानक निवृत्त झाले. जागेवर आले त्यांचे सहायक बॉब पेझली, मितभाषी आणि या पदासाठी मुळीच उत्सुक नसलेले. आधी खेळाडू आणि मग प्रशिक्षक म्हणून ते त्या क्लबमध्ये मुरलेले होते. अॅनफिल्डवर बूट ठेवायची एक छोटी खोली होती. तिथं ही प्रशिक्षक मंडळी बसून सामन्यांवर बोलत. क्लबचं खरं ज्ञान त्या खोलीत होतं, एका माणसाच्या डोक्यात नव्हे. शँकली गेले, खोली राहिली. पेझलींनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. शँकली मात्र सवयीने सरावाच्या मैदानावर येत राहिले. खेळाडू त्यांनाच ‘बॉस’ म्हणत. शेवटी त्यांना येणं थांबवावं लागलं, आणि ते दुःख त्यांनी मनाला लावून घेतलं. यशस्वी वारसाहक्काचीसुद्धा कोणीतरी किंमत मोजतं, ती अशी.

त्याच लिव्हरपूलने २०२४ मध्ये युर्गन क्लॉप यांच्या जागी आर्ने स्लॉटना आणलं. क्लॉप यांनी जानेवारीतच जाहीर केल्यामुळे शोधायला वेळ मिळाला. खरेदीचं काम आता स्वतंत्र संचालकांकडे होतं आणि संघ जवळजवळ तोच ठेवला गेला. स्लॉट यांनी पहिल्याच मोसमात लीग जिंकली.

मँचेस्टरने मोयेसनंतर व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम असे एकामागून एक आणले. काही करंडक आले, पण २०२५ पर्यंतच्या बारा मोसमांत लीग एकदाही नाही. आणि ‘चुकीचा माणूस’ ठरलेल्या मोयेस यांनी २०२३ मध्ये वेस्ट हॅमला युरोपातला एक करंडक जिंकून दिला. म्हणजे माणसात खोट नव्हती. जागा अशी होती की तिथं तेव्हा कोणीही उघडा पडला असता.

आपण वारस निवडताना फक्त ‘कोण?’ विचारतो. त्याआधी विचारायला हवं, की जाणारा आपल्याबरोबर काय काय घेऊन चालला आहे, आणि त्यातलं काय काढून ठेवता येईल. हे काम निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी होत नाही, त्याला वर्षं लागतात. जाणाऱ्याने आपली माणसं, आपल्या चाव्या आणि आपलं ज्ञान आधीच वाटून द्यावं, आणि मग दारातून बाजूला व्हावं. राहिलेल्यांनी नव्या माणसाला निदान तेवढा धीर द्यावा, जेवढा जुन्याला त्याच्या वाईट दिवसांत मिळाला होता. फर्ग्युसनना पहिल्या लीगसाठी साडेसहा वर्षं मिळाली होती. मोयेसना दहा महिने.