मधुमेह आणि मूत्रपिंडांचें भवितव्य

मधुमेह हा खानदेशांतील सुशिक्षित कुटुंबांस आतां अपरिचित राहिलेला नाहीं. आजोबांच्या चहांतील साखर बंद झाली, महिन्याकांठीं रक्त तपासलें, कीं घरच्या मंडळींचें समाधान होतें. परंतु या रोगानें मूत्रपिंडें झिजूं लागलीं तरी तीं दुखत नाहींत; पायांवर सूज दिसेपर्यंत पुष्कळ हानि झालेली असते.

प्रत्येक मूत्रपिंडांत रक्त गाळणाऱ्या सुमारें दहा लाख सूक्ष्म चाळण्या असतात. साखर व रक्तदाब वर्षानुवर्षें वाढलेले राहिले म्हणजे त्या बिघडतात आणि अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन लघवींतून झिरपूं लागतें. साध्या तपासणींत न सांपडणारा हा अल्प स्रावही पुढील विकाराची पूर्वसूचना असतो, असें डेन्मार्कमधील डॉ. मोगेनसेन यांनीं १९८४ मध्यें दाखवून दिलें.

भाकित दोन आंकड्यांवर उभें आहे. लघवींतील एक ग्रॅम क्रिएटिनिनमागें अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आंत असावें. ३०० च्या वर गेल्यास धोका मोठा. ताप किंवा मूत्रमार्गाचा दाह असतां हा आंकडा फसवा वाढतो, म्हणून तपासणी पुन्हां करावी. दुसरा आंकडा रक्तावरून काढलेल्या गाळण्याच्या वेगाचा. तो तीन महिने मिनिटास ६० मिलिलिटरच्या खालीं राहिल्यास विकार जुनाट समजतात. अशा रुग्णाचें वय, लिंग व हे दोन आंकडे घेऊन, दोन वा पांच वर्षांत मूत्रपिंडें निकामी होण्याचा संभव किती, हें सांगणारें गणित कॅनडांतील डॉ. तंगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ मध्यें मांडलें.

मात्र हें भाकित अटळ नव्हे. साखर व रक्तदाब आटोक्यांत ठेवणें, वेदनाशामक गोळ्या मनानें न घेणें, आणि डॉक्टरांनीं दिलेलीं मूत्रपिंडरक्षक औषधें न चुकविणें, यांनीं झीज मंदावते. जळगांवचें केळेंही सरसकट वर्ज्य नाहीं. रक्तांत पोटॅशियम वाढल्यास मात्र तें आवरावें लागतें.

वेळ दवडल्यास आठवड्यांतून दोन-तीनदां, दर खेपेस सुमारें चार तास यंत्रानें रक्तशुद्धि करावी लागते. साक्री वा यावलकडील खेड्यांतून त्यासाठीं फेऱ्या घालतां घालतां सारें घर थकून जातें.

या दोन्ही तपासण्या धुळें व जळगांव येथें होऊं शकतात. मधुमेही माणसाच्या त्या वर्षांतून एकदां तरी व्हाव्यात. पुरुषांच्या तपासण्या बहुधा होतात. ‘मला काय धाड भरली आहे?’ म्हणून आजींच्या राहून जातात. त्यांचा आंकडा घरांतील कोणास ठाऊक आहे काय, एवढें आज सर्वांनीं एकमेकांस विचारावें.