चोथा उपसण्याआधी

नाशिककडे जानेवारी ते मार्च वाईनच्या द्राक्षांचा हंगाम असतो. छोट्या घरगुती वायनरीत बरीच कामं हातानेच होतात. त्यातल्या एका कामाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

शिराजसारख्या काळ्या द्राक्षाचा मणी दाबला, तरी रस फिकाच निघतो. लाल वाईनचा गडद रंग आणि तुरटपणा साली-बियांतून येतो. म्हणून रस सालींसकट टाकीत आंबवतात. नंतर वाईन काढून घेतली की तळाशी चोथा राहतो. तो उपसायला माणूस आत उतरतो, आणि धोका तिथेच असतो.

आंबताना कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तो दिसत नाही, हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. धान्याच्या बंद पेवात माणसं गुदमरायची, तसंच इथे होतं.

म्हणून चोथा शक्यतो बाहेरूनच ओढून काढावा. उतरावंच लागलं, तर आधी पंख्याने हवा खेळवून यंत्राने तपासायला सांगा. बाहेर एक जण उभा हवाच. दिवा विझला नाही, म्हणजे धोका नाही असं समजू नका. आत कुणी पडलं, तर मागोमाग उतरू नका. हाका मारून माणसं जमवा, १०८ ला फोन करा.