रात्रपाळीचा डॉक्टर

मंडळी, रात्रीचे अकरा वाजले आहेत. गावाहून जीपमध्ये घालून आणलेला तुमचा रोगी शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात खाटेवर पडला आहे. एक तरुण डॉक्टर येतो, नाडी बघतो, रक्त तपासायला देतो, सलाईन लावायला सांगतो. तुमच्या मनात येते, 'हा तर पोरसवदा दिसतो. मोठे डॉक्टर कुठे आहेत?'

हा निवासी डॉक्टर. आज त्याची ओळख करून घेऊ.

बारावीनंतर साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी केली, की माणूस एम. बी. बी. एस. होतो. म्हणजे हा पोरसवदा पुरता डॉक्टर आहे. पण बाळंतपण, हाडांची शस्त्रक्रिया अशा एखाद्या शाखेकडे वळायचे तर अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा देऊन आणखी तीन वर्षे एम. डी. किंवा एम. एस. साठी शिकावे लागते. ही विद्या फळ्यावर शिकवता येत नाही. पोहणे जसे विहिरीत उतरून शिकायचे, तशी ही खाटेशेजारी उभे राहून शिकायची. अमेरिकेत १८८९ साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ऑस्लर आणि हॉल्स्टेड या गुरुजनांनी ही पद्धत बसवली. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहायचे, म्हणून ते 'निवासी'.

अडचण इथेच आहे. तो विद्यार्थी आहे, आणि रुग्णालयाचा गाडाही त्याच्याच खांद्यावर आहे. बैलालासुद्धा आपण दुपारी औतावरून सोडतो. हा मात्र कित्येकदा चोवीस-चोवीस, छत्तीस-छत्तीस तास उभा असतो. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी औषधाचे प्रमाण लिहिताना चूक झाली, तर भोगणार कोण? आपलाच माणूस!

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एक अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली, आणि शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्यांची चर्चा सुरू झाली. १९८९ मध्ये त्या राज्याने आणि २००३ मध्ये साऱ्या अमेरिकेने आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा घातली. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९२ सालीच सलग काम सहसा बारा तासांपुढे जाऊ नये असे सांगितले होते. २०२३ च्या नियमांत 'वाजवी तास', पुरेशी विश्रांती आणि आठवड्याची एक सुटी आली. पण वाजवी म्हणजे किती, तो आकडा तिथे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याला रात्रपाळीवरच्या एका निवासी महिला डॉक्टरचा रुग्णालयातच खून झाला, तेव्हा विश्रांतीच्या सुरक्षित खोलीचा प्रश्न साऱ्या देशापुढे आला.

तास कमी केले की सारे सुटते असेही नाही. रात्री दारे धरणारा माणूस बदलला, तर कोणत्या वाफ्यात पाणी चालू आहे हे पुढच्याला सांगावे लागते. तसेच पाळी बदलताना प्रत्येक रोग्याची हकीगत पुढच्या डॉक्टरला नीट द्यावी लागते. ती राहिली, तर ताजातवाना डॉक्टरही चुकेल. आणि पाळ्या वाढवायच्या तर माणसेही वाढवायला हवीत.

एक बदल मात्र तुमच्या दारापर्यंत आला आहे. २०२० च्या नियमाने प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन वर्षांपैकी तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावे लागते. सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतीण हे सारे तिथे त्याला जवळून दिसते, आणि जिल्ह्याला एक जाणता हात मिळतो. मात्र तिथे शिकवणारे वडीलधारे डॉक्टर हवेत; नाहीतर शिक्षण राहील आणि नुसती हमाली उरेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, डॉक्टर होऊ म्हणणाऱ्या मुलांना ही लांब वाट आधीच सांगा. आणि मंडळी, रोग्याबरोबर जाल तेव्हा जुने कागद, चालू औषधे घेऊन जा, विचाराल ते शांतपणे विचारा. तो पोरसवदा डॉक्टर कदाचित सकाळपासून जेवलेला नसेल. आपला माणूस त्याच्या हाती आहे, आणि उद्याचा मोठा डॉक्टर आज त्याच खाटेशेजारी घडतो आहे.